लाल टिकलीचं बटण

उत्तम गेल्याचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात त्याच्याच नावानं बोटं मोडत बसलो होतो. सकाळचे साडेअकरा वाजले होते, तो दहाला येणार होता, आणि एका गिऱ्हाइकाला द्यायचं सॉफ्टवेअर त्याच्या तपासणीवाचून अडलं होतं. फोनवर गोलवाडी फाट्यावरचा चहावाला होता. उत्तमच्या खिशातल्या ओळखपत्रावर माझा नंबर होता. "तुमच्याकडं एक मानूस हाय का, उजव्या हाताला दोनच बोटं असलेला?" मी हो म्हणालो. "मंग या लवकर," तो म्हणाला आणि लगेच पुढं म्हणाला, "न्हाय... लवकर येऊन बी काय उपेग नाय आता."

एका डंपरनं त्याच्या स्कुटीला घासलं होतं. नुसतं घासलं होतं, आरसा मोडला होता, बस्स. दुसरा कुणी चार शिव्या हासडून पुढं गेला असता. उत्तमनं काय केलं, तर पुढच्या सिग्नलला त्या डंपरला गाठलं, स्कुटी आडवी लावली, रस्त्याच्या मधोमध उभा राहिला आणि हात वर केला. "असा," चहावाल्यानं मला स्वतःचा उजवा हात वर करून दाखवलं, आणि न सांगता त्याची तीन बोटं आपोआप मिटली गेली. ड्रायव्हर थांबला नाही. मी पोचलो तेव्हा पोलीस आले होते, कुणीतरी सिमेंटच्या रिकाम्या गोण्या त्याच्यावर टाकल्या होत्या आणि त्या पुरत नव्हत्या. चाक छातीवरून गेलं होतं. चपला मात्र दोन्ही पायात तशाच होत्या.

त्याला आता पाच आठवडे झाले. गेलेल्या माणसाविषयी चांगलं लिहावं अशी रीत आहे, पण उत्तम शांत होता, मनमिळाऊ होता असं मी लिहिलं तर तो असेल तिथून येऊन माझं नरडं धरील. तो भांडकुदळ होता. जिभेपेक्षा हात आधी चालायचा. बारा वर्षांत त्यानं माझे किती कीबोर्ड फोडले ते मी मोजणं सोडून दिलं होतं, आणि एकदा माझा दातही पाडला. तो दात त्यानं पाडला ते बरोबरच केलं. त्याला माझ्याकडून एक वाक्य लिहून हवं होतं, चार-पाच शब्दांचं वाक्य, खाली माझी सही. बारा वर्षं तो ते मागत राहिला आणि बारा वर्षं मी ते दिलं नाही. हा लेख त्या वाक्यासाठी आहे.

त्या वेळी मी शहराच्या छावणी भागात, बाजारातल्या एका भांड्यांच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत, एकट्यानं सॉफ्टवेअर लिहायचो. वाळूजच्या एका लहानशा कारखान्याच्या मालकानं पत्र्याची कव्हरं दाबून काढणारी आपली जुनी प्रेस संगणकावर चालवायचं ठरवलं आणि ते काम मला मिळालं. साच्यावर पत्रा ठेवायचा, वरून लोखंडी ठोकळा खाली यायचा, दहा-बारा सेकंद दाब धरून परत वर जायचा. तेवढ्यात तयार कव्हर काढायचं, नवा पत्रा ठेवायचा, कारण थांबवलं नाही तर ठोकळा आपोआप पुन्हा खाली यायचा. चालू, थांब, वेग, सगळं कीबोर्डवरून. थांबवायला मी इंग्रजी एस हे अक्षर ठेवलं. एस म्हणजे स्टॉप, केवढी अक्कल! तेलकट बोटांनी अक्षरं पुसली जातात म्हणून बायकोच्या पाकिटातली एक लाल टिकली आणून मी स्वतः त्या बटणावर चिकटवली आणि कामगारांना सांगितलं, काही अडलं की टिकली दाबा. मशीनच्या अंगावर थांबवायचं वेगळं मोठं लाल बटण होतं, पण त्याची वायर कधीचीच तुटलेली होती, आणि आता सॉफ्टवेअर आलंच आहे म्हणून मालकानं ती जोडली नाही. तुटलेली वायर मी पाहिली होती. मीही काही बोललो नाही.

माझ्या सॉफ्टवेअरची खरी मिरवण्याची गोष्ट दुसरीच होती. कामगारानं पाळीची जी नोंद लिहायची ती त्यात मराठीत लिहिता यायची. स्क्रीनच्या खालच्या अंगाला तेवढ्यासाठी एक चौकट ठेवली होती. एक बटण दाबलं की कीबोर्ड मराठी व्हायचा, परत दाबलं की इंग्रजी. मालकानं ते पाहुण्यांना बोलावून दाखवलं, माझ्या गळ्यात हार घातला. आता इथं थोडं कामाचं सांगावं लागेल. कीबोर्डवरच्या प्रत्येक बटणाला दोन ओळखी असतात. एक त्याची जागा, म्हणजे कितव्या ओळीतलं कितवं. ती कधी बदलत नाही. दुसरी त्यातून उमटणारं अक्षर. ते भाषेप्रमाणं बदलतं. मी प्रोग्रॅमला सांगितलं होतं, एस हे अक्षर आलं की थांब. टिकलीच्या जागेवरचं बटण दाबलं की थांब, असं सांगितलं नव्हतं. कीबोर्ड मराठीवर असला की त्या जागेवरून एस येतच नाही. येते ती अक्षराच्या डोक्यावरची एक मात्रा, नुसता तिरका फराटा. प्रोग्रॅम तिला ओळखत नाही, ती बिचारी नोंदीच्या चौकटीत जाऊन पडते, आणि प्रेस आपली चालूच राहते.

मी हे तपासलंच नव्हतं. मराठीचा एवढा गाजावाजा केला, पण तपासताना माझा स्वतःचा कीबोर्ड कायम इंग्रजीवर. आणि कारखान्यातही बाकीचे सगळे नोंदीत इंग्रजी 'ओके' ठोकून घरी जायचे. मराठीत पूर्ण वाक्यं लिहिणारा तिथं एकटा उत्तम होता. लासूर स्टेशनचा पोरगा, तिथल्या टायपिंगच्या वर्गात मराठी शिकलेला, आणि त्याचा त्याला फार अभिमान. माझ्या सॉफ्टवेअरचा मान राखणारा सगळ्या कारखान्यात तो एकच माणूस होता, आणि त्यानं हात गमावला.

त्या दिवशी मधल्या सुट्टीआधी त्यानं प्रेस चालूच ठेवून नोंदीत दोन-तीन वाक्यं लिहिली आणि कामाला लागला. कीबोर्ड मराठीवरच राहिला. चौथ्या की पाचव्या पत्र्याला कव्हर साच्यात अडकलं. ठोकळा वर होता. त्यानं डाव्या हातानं टिकली दाबली आणि उजवा हात आत घातला. ठोकळा खाली आला. शेजारच्या मशीनवाल्यानं मला सांगितलं, ओला बांबू चिरल्यासारखा आवाज झाला आणि मग उत्तमची किंकाळी. दाब दहा-बारा सेकंदांचा होता. तेवढा वेळ तो एका हातानं टिकली बडवत होता आणि दुसरा हात साच्यात होता. माझ्या प्रोग्रॅममध्ये लिहिल्याप्रमाणं वेळ पुरी झाल्यावर ठोकळा आपोआप वर गेला, तेव्हा तीन बोटं पत्र्याला चिकटून पत्र्याइतकीच चपटी झाली होती.

मी तासाभरानं पोचलो. फरशीवर भुसा टाकलेला, त्यातून लाल वर येत होतं. कीबोर्डवर रक्त होतं, टिकली रक्तात दिसत नव्हती. स्क्रीनवर त्याची नोंद तशीच उघडी होती, आणि त्याच्या शेवटच्या वाक्यापुढं नुसत्या मात्रा होत्या, अक्षराविना, एकापुढं एक. मी मोजल्या. अकरा. पहिली हात आत घालण्याआधीची, बाकीच्या दहा हात आत असताना. काय झालं ते मला त्या क्षणी, तिथं उभ्या उभ्या कळलं. मालकाच्या खोलीतल्या प्रिंटरवर मी त्या पानाचा कागद काढला, घडी करून खिशात घातला, आणि मग परत येऊन त्या अकरा मात्रा स्क्रीनवरून पुसून टाकल्या. कागद काढणारा आणि मात्रा पुसणारा माणूस एकच होता, आणि मध्ये पाच मिनिटंही गेली नव्हती.

चौकशीला आलेल्या माणसानं मला एकच प्रश्न विचारला. थांबवायचं बटण दाबल्याची नोंद यंत्राकडं आहे का? माझा प्रोग्रॅम त्याला समजलेल्या आज्ञांचीच नोंद ठेवायचा. मी म्हणालो, नाही. मालकानं आदल्या दिवशी खांद्यावर हात ठेवून सांगितलं होतं, "खोटं बोलू नका. मशीनमधी हाय तेवढंच सांगा." तेवढंच सांगितलं. अहवालात आलं, कामगारानं यंत्र न थांबवता हात घातला, कामगाराची चूक. मी त्याच आठवड्यात अक्षराऐवजी जागा तपासायची दुरुस्ती केली. चार ओळी बदलल्या, एवढंच काम होतं. मालकाचं नाव मी इथं लिहीत नाही. कारखाना केव्हाच बंद झाला, आणि त्याचं नाव घेऊन मला माझं पाप वाटून घ्यायचं नाही.

एवढ्यावर राहिलं असतं तर उत्तमनं कदाचित सोसलं असतं. पण शहाणा माणूस चालत्या मशीनमध्ये हात घालेल कसा, याला काहीतरी कारण हवं म्हणून कुणीतरी पुडी सोडली की तो पिऊन होता. ही बातमी त्याच्याआधी लासूरला पोचली. त्याचे वडील, सगळे त्यांना आबा म्हणतात, तिथल्या मार्केट यार्डात हमाली करायचे. बाबासाहेबांच्या बावीस प्रतिज्ञा घरात भिंतीवर लावलेल्या, आणि दारू न पिण्याची प्रतिज्ञा त्यांनी त्या भिंतीवरच ठेवली नव्हती, चार गावांत दारूच्या गुत्त्यासमोर उभं राहून मार खाऊन पाळली होती. ते दवाखान्यात आले. पोराच्या हाताचं बँडेज पाहिलं, काही विचारलं नाही, आणि हातातली काठी उलटी धरून त्याला खाटेवरच झोडपलं. नर्सनं आणि त्याच्या बायकोनं, शोभा वहिनीनं, त्यांना ओढून बाजूला केलं. उत्तमनं दुखरा हात डोक्यावर घेतला होता, त्याच्यावरही दोन बसल्या. टाके सुटले. पुढं त्या बापलेकांचं बोलणं असं कधी झालंच नाही.

हे सगळं मला त्यानंच सांगितलं, मला मारून झाल्यावर. दोन महिन्यांनी तो छावणीतल्या माझ्या ऑफिसचा जिना चढून आला. मी खुर्चीवरून उठायच्या आत त्यानं टेबलावरचा कीबोर्ड उचलून माझ्या तोंडावर हाणला. एकदा नाही. बटणं उडाली, दाराशी, टेबलाखाली, माझ्या मांडीवर. माझा पुढचा दात तुटला, ओठ फाटला, मी खाली पडल्यावर त्यानं बरगडीत लाथ घातली आणि मग दमून समोरच्या खुर्चीवर बसला. डाव्या हातानं मारल्यानं त्याचाच खांदा दुखत होता. "इंजिनेर," तो म्हणाला, "म्या बटन दाबलं व्हतं. तुला ठावं हाय का नाय?"

"आहे," मी म्हणालो. तोंडातून रक्त येत होतं.

"मंग लिहून दे. उत्तमनं बटन दाबलं व्हतं, येवढं लिही अन् सही कर. मला कोरटात जायचं नाय. आबाला दाखवायचंय."

मी रडलो, माफी मागितली, पाय धरले, सगळं केलं. लिहून दिलं नाही. लिहून दिलं की तो कागद कुठं कुठं जाईल याचा हिशेब माझ्या डोक्यात चालू होता. त्याऐवजी मी त्याला म्हणालो, माझ्याकडं कामाला ये. "माझं तोंड बंद करायला व्हय?" मी खरं बोललो. हो म्हणालो. त्यानं खाली पडलेली दोन बटणं उचलली, हातात खुळखुळवली आणि म्हणाला, "येतो. पर तुझ्या हाफिसातून जे जे भायेर जाईल ते आदी माझ्या हातानं मोडंल. मोडलं नाय तरच जाईल."

आणि त्यानं तसंच केलं. महिन्याभरातच माझी चूक नेमकी काय होती ते त्यानं स्वतः शोधून काढलं. कीबोर्ड मराठीवर ठेवून एस दाबला, काही झालं नाही, परत दाबला, आणि मग तो कीबोर्ड त्यानं गुडघ्यावर आपटून दोन तुकडे केला आणि घरी निघून गेला. दुसऱ्या दिवशी आला तो येताना शहागंजच्या बाजारातून जुने कीबोर्ड घेऊन. त्यातले दोन परदेशातून आलेले होते, एक फ्रान्सचा आणि एक जर्मनीचा. पुढं आम्ही खेळही करायला लागलो. फ्रान्समधल्या एका गिऱ्हाइकासाठी मारामारीचा खेळ केला होता, त्यात डाव्या हाताखालच्या चार बटणांनी गडी हलवायचा. आपल्याकडच्या कीबोर्डवर ती चार बटणं एका ठिकाणी येतात. त्यांच्याकडं ती अक्षरं इकडची तिकडं असतात, दोन तर दुसऱ्याच ओळीत. उत्तमनं त्यांचा कीबोर्ड लावला आणि पाच मिनिटांत मला हाक मारली. "हे बग, तुझा गडी हुबा ऱ्हाऊन मार खातोय. मी दाबतोय, तो हालंना. म्हंजी तू आजून शिकलाच नाय." मी शरमेनं लाल झालो. मग आम्ही बटणांच्या जागा धरल्या.

दुसऱ्यांदा मी शहाणपणा करून सगळीकडं जागाच धरल्या, तर त्यानं जर्मन कीबोर्ड लावून लिहिलेलं पुसायला बघितलं आणि भलतंच बटण चाललं. केलेलं मागं घ्यायचा इशारा माणूस अक्षरानं लक्षात ठेवतो, जागेनं नाही. एकदा तर त्यानं गडी पळवताना बटण दाबून धरलं आणि मध्येच भाषा बदलली. दाबताना एक अक्षर होतं, सोडताना दुसरं झालं, प्रोग्रॅमला वाटलं पहिलं अजून दाबलेलंच आहे, आणि तो गडी भिंतीवर डोकं आपटत पळतच राहिला. उत्तम ते बघत बसला. हसला नाही. मग म्हणाला, "चालायचं आसंल तर जागा बग. लिहायचं आसंल तर अक्षर बग. अन् थांबायचं आसंल तर कायबी बगू नको, थांब." या विषयावर मी पुष्कळ वाचलं, पण याहून नेमकं मला कुणी सांगितलं नाही. तेव्हापासून आमच्याकडच्या यंत्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये यंत्र चालू असताना कीबोर्डवरचं कुठलंही बटण दाबलं तरी यंत्र थांबतं, भाषा कोणतीही असो. नोंद लिहायची ती यंत्र थांबल्यावरच. गिऱ्हाइकं कुरकुरतात. कुरकुरू देत. आणि वायरीचं बटण चालत नसेल तर आम्ही काम घेतच नाही.

तो बटणं बोटांनी दाबून तपासायचाच नाही. मुठीनं, कोपरानं, उजव्या हाताच्या उरलेल्या दोन बोटांच्या चिमट्यानं. "घाबरलेला मानूस बोटानं दाबत नसतो," म्हणायचा. तीन बटणं एकदम धरावी लागतील असा इशारा मी कुठं ठेवला की शिव्यांची लाखोली. "मला तीन नायती. काढ ते." मी काढायचो.

वैजापूरची गोष्ट सांगायला मला अवघड जातं. तिथल्या एका जिनिंगमध्ये कापसाच्या गठाणी बांधायची प्रेस होती, तिचं सॉफ्टवेअर आम्ही केलं. सगळं तपासून झालं होतं, मुकादम चहा मागवत होता. उत्तमनं कीबोर्ड मराठीवर टाकला, मला त्याच्यापुढं उभं केलं, प्रेस चालू केली, आणि सरळ जाऊन डावा हात, त्याचा एकुलता एक धड हात, खालच्या पाटावर ठेवला. मुकादम ओरडला. मी ओरडलो. "वरडू नको, दाब," उत्तम म्हणाला. तो माझ्याकडं बघत होता, वरून येणाऱ्या लोखंडाकडं नाही. माझी बोटं मला सापडेनात. शेवटी मी दोन्ही पंजे कीबोर्डवर आपटले. प्रेस थांबली. त्याचा हात आणि लोखंड यांच्यात वीतभर जागा होती. त्यानं हात सावकाश काढून घेतला, माझ्याजवळ आला आणि त्याच हातानं माझ्या कानाखाली वाजवली. "येवढा वेळ लागला व्हता मला बी," तो म्हणाला. "आता तरी लिहिशील का?" मी म्हणालो, लिहितो. घरी आलो, लिहिलं, सही केली, आणि सकाळी फाडून टाकलं. त्या दिवशी मला एका मोठ्या कंपनीत कामासाठी जायचं होतं.

दर दसऱ्याला आमच्याकडं संगणकांना झेंडूची फुलं वाहतात. उत्तम त्या दिवशी सकाळी पांढऱ्या कपड्यांत बुद्ध लेणीवर जायचा आणि तिथून तसाच ऑफिसात यायचा. फुलं, कुंकू याला तो हात लावायचा नाही. माझ्या कीबोर्डवर एक कोरा कागद ठेवायचा, वर पेन. मी म्हणायचो, "पुढच्या वर्षी नक्की." तो कागदाची घडी करून खिशात घालायचा आणि पेढा मागायचा. शेवटची तीन-चार वर्षं तर आम्ही दोघं त्यावर हसायलाही लागलो होतो. त्या हसण्याची मला आता सगळ्यात जास्त चीड येते. त्याला वाटत होतं, माझ्याकडं द्यायला नुसता शब्द आहे. त्या अकरा मात्रांचा कागद टेबलाच्या तिसऱ्या खणात, तो बसायचा तिथून चार हातांवर पडून आहे, हे त्याला मरेपर्यंत कळलं नाही.

पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे त्याच्या स्मरणाच्या विधीच्या, दिवशी शोभा वहिनींनी मला आत बोलावलं. एक प्लास्टिकची फाईल पुढं केली. "भाऊ, हे कशाचे कागद हायती? दर दसऱ्याला एक आनून ठिवायचे. कायच लिहिलेलं नाय यांच्यावर. टाकून देऊ का?" बारा कोरे कागद होते, घड्या पडलेले. मी तिथंच खाली बसलो आणि त्यांना सगळं सांगितलं, टिकलीपासून खणातल्या कागदापर्यंत. त्यांनी फाईल माझ्या मांडीवर ठेवली आणि म्हणाल्या, "मला सांगून काय करता? म्या त्यांच्यावर इस्वास ठिवलाच व्हता. आबाला जाऊन सांगा."

दुसऱ्या दिवशी मी लासूरला गेलो. आबा आता ऐंशीच्या पुढं आहेत, डोळ्यांनी नीट दिसत नाही, काठी तीच. ओट्यावर बसले होते. मी समोर उभा राहून सांगितलं. उत्तम पिऊन नव्हता. उत्तमनं बटण दाबलं होतं. चूक माझ्या सॉफ्टवेअरची होती, आणि मी ते लपवलं. ते ऐकत राहिले, मान एका बाजूला करून. मग काठी टेकत उठले, मी कुठं उभा आहे ते हातानं चाचपून पाहिलं आणि काठी घातली. खांद्यावर बसली. परत उचलली, आणि उचललेली तशीच राहिली. मी हललो नाही, मला ती हवी होती. पण ती आली नाही. ते खाली बसले.

"किती येळा दाबलं व्हतं म्हनला?"

"अकरा वेळा, आबा."

"अकरा येळा," ते म्हणाले. मग ओट्याच्या फरशीवर एक बोट टेकवून हळूहळू ठोकायला लागले, एक, दोन, तीन... अकरावर थांबले. "अन् म्या त्याला त्याच हातावर मारलं," ते म्हणाले. मी संध्याकाळच्या गाडीनं परत आलो.

आता हे छापून आल्यावर लोक म्हणतील, कबूल करायला धाडस लागतं. लागत नाही. कारखाना नाही, मालक शहर सोडून गेला, आणि ज्याला भ्यायला हवं होतं तो गोण्यांखाली झाकलेला मी पाहिला. धाडस लागलं असतं ते बारा दसऱ्यांपैकी कुठल्याही एका दिवशी. त्या बारा कागदांपैकी एकावर मी ते वाक्य लिहून सही केली आणि आबांकडं पाठवलं. उरलेले अकरा खणात ठेवले आहेत. ऑफिसात त्याच्या टेबलावर कारखान्यातला तो जुना कीबोर्ड आहे. कारखाना मोडीत निघाला तेव्हा भंगारवाल्याशी हमरीतुमरी करून उत्तमनंच तो सोडवून आणला होता. टिकली कधीच पडली, बटणावर तिच्या डिंकाचा गोल तेवढा उरला आहे. काम बाहेर पाठवण्याआधी मी कीबोर्ड मराठीवर टाकतो, यंत्र चालू करतो आणि मूठ आपटतो. मला अजून त्याच्याइतकी जोरात आपटता येत नाही.

उत्तमनं बटण दाबलं होतं. खणातल्या कागदावरची त्याची नोंद खाली जशीच्या तशी देतो आहे. संपादकांना मी हात जोडून सांगितलं आहे की शेवटच्या खुणा छपाईची चूक समजून कुणी काढू नयेत. एकदा मी काढल्या, तेवढं पुरे.

"पहिली पाळी. मशीनचा आवाज बरा आहे. तेल कमी वाटते, मालकांनी बघावे. मोठ्या लाल बटणाची वायर अजून जोडलेली नाही. ेेेेेेेेेेे"